उभारी देणारं गाणं आधी गाऱ्हाणं ऐकून घेतं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला आणि सोबत जोडलेली फोनवरची दोन्ही गाणी ऐकली. इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. तुम्ही पारोळा तालुक्यातल्या. आईच्या लांबलेल्या आजारपणात, दवाखान्याच्या फेऱ्यांमध्ये तुम्हाला आठ गाणी सुचली. शब्द तुमचे, चाली तुमच्या, बाज लोकगीतांचा. काही गाणी अहिराणीत आहेत, काही प्रमाण मराठीत. ऐकणाऱ्याच्या जिवाला आराम पडावा, त्याला उभारी यावी असा अल्बम तुम्हाला करायचाय. एका स्टुडिओने सुचवलं की सिंथेसायझरचे लांब सूर घ्या, पावसाचा आवाज टाका, ट्यूनिंग 432 हर्ट्झचं ठेवा आणि नावात 'हीलिंग' शब्द घाला. घरचे म्हणतात की खान्देशात डीजेच्या गाण्यांशिवाय काही चालत नाही. तुमचे प्रश्न असे: वाद्यं कोणती घेऊ, भाषा कोणती ठेवू, 432 मध्ये तथ्य आहे का, आणि बहिणाबाईंची एक कविता व आदिवासी पाड्यांवरचं पावरी हे वाद्य अल्बममध्ये घेता येईल का?

मी धुळे-जळगाव भागात बरीच वर्षं गाते आहे, खेड्यापाड्यांतल्या बायकांची गाणी ध्वनिमुद्रित करते आणि नव्या गायक-गायिकांच्या गाण्यांचं संयोजनही करते. त्या कामातून जे उमगलं तेच सांगते. मला विचाराल तर या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: गाण्याने माणसाला बरं वाटतं ते नेमकं कशाने? याचं उत्तर मनाशी पक्कं झालं की वाद्यं, भाषा, ट्यूनिंग मागोमाग ठरत जातं. तुम्ही ते ठरवलं नाही, तर स्टुडिओवाला त्याच्या संगणकात आधीपासून भरलेल्या आवाजांवरून ठरवून टाकेल.

काही गोष्टी अर्थात तुमच्या परिस्थितीवर आहेत. पैसा किती, आईच्या सेवेतून वेळ किती निघतो, सोबतीला गाणाऱ्या बायका मिळतील का, आणि ही गाणी मुख्यतः गावात ऐकली जाणार की सुरत, नाशिक, कल्याणकडे गेलेल्या आपल्या माणसांत, यावर बरंच बदलेल. तरी गाभा बदलणार नाही.

आपल्याकडची बायकांची गाणी आठवून बघा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते, निंबाला झोका बांधतात, आणि झोक्यावर ती काय गाते? सासरचं गाऱ्हाणं. वाट किती लांब, भाऊ न्यायला उशिरा का आला, सासूने काय म्हटलं. सणाचा दिवस, घरात पुरणपोळी आणि आमरस, आणि गाणं मात्र तक्रारीचं. तरी झोक्यावरून उतरलेल्या बाईचा चेहरा बघा, हलका झालेला असतो. जात्यावरच्या ओव्यांतही तेच. महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या आहेत. त्यांत बापाचं कौतुक आहे, भावाची वाट आहे, विठ्ठल आहे, पण दुःख कुठेही झाकलेलं नाही. आधी सांगून टाकायचं आणि मग ओवीच्या शेवटाकडे वळताना कुणाचा तरी आधार धरायचा, अशी त्यांची घडण. माहेराचा आधार, देवाचा आधार, शेजारी दळणाऱ्या बाईचा आधार.

म्हणून तुमच्या गाण्यांबद्दल पहिली गोष्ट स्पष्टच सांगते. पाठवलेल्या दोन गाण्यांपैकी प्रमाण मराठीतलं गाणं पहिल्या ओळीपासून धीर देत सुटतं. अंधार सरेल, सूर्य उगवेल, हसत राहा. ज्याच्या घरात आजारी माणूस आहे त्याला दिवसभर येणारेजाणारे हेच सांगत असतात. गाण्यानेही तेच सांगितलं तर ते त्या गर्दीत मिसळून जातं. अहिराणीतलं दुसरं गाणं मात्र मी थांबवून पुन्हा ऐकलं. त्यात तुम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात डबा उघडता, भाकर कोरडी झालेली असते, आणि आई विचारते की तू जेवलीस का. एवढंच आहे त्यात. उपदेश एकही नाही. पण अशा व्हरांड्यात कधीतरी बसलेल्या माणसाला ते गाणं आपलं वाटणार, आणि आपलं कुणीतरी ऐकतंय असं वाटणं हीच उभारीची सुरुवात असते.

तेव्हा आठही गाणी एकदा याच नजरेने वाचा. प्रत्येक गाण्यात एक तरी खरी अडचण नावानिशी हवी. बोंडअळीने गेलेली कपाशी, आटलेली विहीर, सुरतला लूमवर गेलेला मुलगा, रात्री झोप न येणं. मोघम दुःखाला मोघम धीर दिला की गाणं शुभेच्छापत्राच्या मजकुरासारखं वाटायला लागतं. अडचण ठसठशीत असेल तर धीराची एकच ओळ पुरते.

आता दुसरी गोष्ट, आणि तुमच्या अल्बमसाठी मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. आपली लोकगीतं एकटीने गायची नसतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खान्देशातली देवी कानबाई बसते, रात्रभर गाणी चालतात आणि सोमवारी विसर्जन होतं. त्या रात्री कुणी गायिका नसते आणि कुणी श्रोता नसतो. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या तीच ओळ मागे म्हणतात, तेवढ्यात पहिलीला दम घ्यायला आणि पुढची ओळ आठवायला वेळ मिळतो. गुलाबाईच्या सणात लहान मुलीसुद्धा असंच गातात आणि गाणी संपल्यावर डब्यातला खाऊ ओळखायला बसतात. हे मागे म्हणणं केवळ सोयीसाठी आलेलं नाही. माझं दुःख दुसऱ्या चार जणींच्या तोंडून मलाच ऐकू येतं, तेव्हा ते माझ्या एकटीचं उरत नाही.

तुमच्या दोन्ही गाण्यांत तुमचा एकच आवाज आहे. स्टुडिओत तुमचाच आवाज चार वेळा घेऊन एकावर एक चढवतील आणि म्हणतील झाला कोरस. तसं करू नका. खऱ्या दुसऱ्या बायका आणा. सुराला थोड्या कमीजास्त असल्या तरी चालतील, वय वेगवेगळं असेल तर उत्तमच. आणि जमलं तर मागची ओळ नुसती जशीच्या तशी म्हणायला लावू नका, तिला उत्तर द्यायला लावा. म्हणजे कसं, आताच सुचलेलं उदाहरण देते. पुढची बाई म्हणते, "हिर आटनी माय, माले भ्याव वाटस." मागच्या म्हणतात, "मी शे ना बाई, चाल, दोन्ही जनी जाऊत." विहिरीला पाणी आलेलं नाही, कुणी येईल असंही म्हटलेलं नाही. फक्त सोबत आली. तुम्हाला जी उभारी द्यायची आहे ती मला या दुसऱ्या ओळीत दिसते.

यातूनच पट्टीचा आणि चालीचा प्रश्न सुटतो. तुमचं अहिराणी गाणं दुसऱ्या कडव्यात तार सप्तकातल्या पंचमापर्यंत चढतं. तुमचा आवाज तिथे छान लागतो, ऐकणारी मात्र तिथे गप्प होते. जुन्या बायकांच्या गाण्यांच्या चाली पाच-सहा सुरांत फिरतात. ती काही उणीव नव्हे. म्हाताऱ्या बाईलाही आणि सात वर्षांच्या पोरीलाही त्या पेलाव्यात म्हणून त्या तशा राहिल्या. निदान ध्रुवपद तरी एवढ्याच सुरांत ठेवा. पट्टीही पेटीवरच्या काळी चारच्या वर नेऊ नका. बायकांनी भाकरी थापता थापता गुणगुणावं अशी पट्टी स्टुडिओत थोडी फिकी वाटते, पण घरात तीच चालते. आवाजाची चमक दाखवायची असेल तर ती एखाद्या कडव्यात दाखवा, ध्रुवपद सगळ्यांसाठी मोकळं राहू द्या.

लयीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण 'हीलिंग'च्या नावाखाली जे विकलं जातं त्यापेक्षा खरा परिणाम इथे आहे. लुसियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना किंवा 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणताना माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला साधारण सहापर्यंत मंदावतो आणि हृदयाच्या ठोक्यांची लय त्याच्याशी जुळते, असं त्यांना आढळलं. मिनिटाला सहा म्हणजे एका श्वासाला 10 सेकंद. आता आपल्या सहा मात्रांच्या दादरा तालाचा हिशेब बघा. मिनिटाला 72 मात्रांच्या लयीत दादऱ्याची दोन आवर्तनं, म्हणजे 12 मात्रा, बरोबर 10 सेकंदांत होतात. त्यातल्या आठ मात्रांत ओळ म्हणा आणि चार मात्रा मोकळ्या सोडा. गाणारीचा श्वास लांब सुटतो, पुढचा श्वास सावकाश भरता येतो. जी सोबत गाईल तिचंही तेच होईल. झोक्यावरची जी गाणी मी ऐकली आहेत त्यांतली बरीचशी सहा मात्रांच्या चालीची आहेत, आणि झोका मागे गेला की ओळ थांबते. आपल्या बायकांनी हे कोणत्याही अभ्यासाशिवाय साधलेलं आहे.

तुमच्या गाण्यांत ही मोकळी जागा नाही. ओळ संपली की लगेच पुढची ओळ, आणि मध्ये जरा फट दिसली की स्टुडिओवाला तिथे बासरीचा तुकडा भरणार. भरू देऊ नका. त्या चार मात्रांत नुसता ठेका चालू द्या. सगळी गाणी याच लयीत करा असं मात्र मी म्हणत नाही. आठांतली दोन-तीन अशी असावीत, एखादं केरवा तालातलं नाचरं असावं, पाय उचलायला लावणारं. उभारी शांत बसूनच येते असं थोडंच आहे.

432 हर्ट्झचं उत्तर लवकर देते. आज जगभर पेट्या, कीबोर्ड, बासऱ्या 'ए' या स्वराला 440 हर्ट्झ धरून जुळवतात. 432 म्हणजे त्यापेक्षा साधारण एका अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढं खाली. तेवढ्याने आवाज किंचित सैल लागतो, एवढंच. या आकड्यात रोग बरा करायची शक्ती आहे याला भरवशाचा पुरावा नाही. व्यवहारात मात्र अडचण मोठी आहे: पेटी जुळणार नाही, बासरी जुळणार नाही, मग सगळं संगणकावरून खाली ओढावं लागेल. आपल्या बायका तर पहिलीने जो सूर धरला तोच षड्ज मानून गातात. तुम्हीही तसंच करा. ज्या सुरात तुमचा आवाज सहज बसतो तो धरा आणि तानपुरा त्याला मिळवा.

वाद्यं कमी ठेवा. सिंथेसायझरचे लांब सूर मला या गाण्यांत नकोसे वाटतात, कारण ते प्रत्येक गाण्याखाली एकच भावना पसरून ठेवतात. गाणं गाऱ्हाण्यातून आधाराकडे जातं ते वळणच त्याखाली बुजतं. तानपुरा, डफ किंवा ढोलकी, टाळ, एखाद्या गाण्यात संबळ, बस. पावसाचा आवाज घ्यायचाच असेल तर तुमच्या घराच्या पत्र्यावर पडणारा घ्या, विकतचा नको.

इथे एक प्रसंग सांगते. शिंदखेडा तालुक्यातल्या एका आजींच्या ओव्या आम्ही ध्वनिमुद्रित करत होतो. अंगणात त्या झकास गायच्या. खोलीत बसवून कानाला हेडफोन लावल्यावर आवाज घट्ट झाला, ओळी विसरायला लागल्या. शेवटी शेजारच्या घरातलं जातं आणून समोर मांडलं, मूठभर ज्वारी घातली आणि हेडफोन काढून घेतला. खुंटा हातात आला तसा सूर मोकळा झाला. नीट कान दिला तेव्हा कळलं की खुंटा पुढे ढकलताना त्या अक्षर ताणत होत्या आणि हात मागे येताना श्वास घेत होत्या. ओवीची लय हातात होती, हात रिकामा केला म्हणून ती हरवली होती. जात्याची घरघर ध्वनिमुद्रणात आली, ती तशीच ठेवली. तुम्ही सोबत बोलावलेल्या बायकांनाही हाताला काहीतरी काम द्या. तांदूळ निवडू द्या, सुपाने पाखडू द्या, नाहीतर टाळी वाजवू द्या. तेवढ्याने त्यांच्या आवाजात फरक पडतो.

हे सगळं करायला महागड्या स्टुडिओची गरज नाही. कापसाच्या मुलखात राहतो आपण. गाद्या, गोधड्या, रजया भिंतींना उभ्या लावल्या की साधी खोलीसुद्धा गाण्यापुरती घुमायची थांबते. पंखा बंद ठेवावाच लागतो, म्हणून एप्रिल-मे टाळा. त्या उकाड्यात बंद खोलीत कुणाचाच आवाज टिकत नाही. थंडीत, रात्री नऊनंतर, आजूबाजूच्या विहिरीवरची मोटार बंद असताना बसा. दोन चांगले कंडेन्सर माईक आणि ते संगणकाला जोडणारा साधा ऑडिओ इंटरफेस भाड्याने मिळतात. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर घ्या. चारपाच बायका अर्धवर्तुळात बसवा. तुमचा माईक वेगळा, त्यांच्यात एक सामाईक. पैसे वाचले ते मिक्सिंगवर घाला.

मिक्सिंग करणाऱ्याला एक गोष्ट ठासून सांगा: ही गाणी फोनच्या स्पीकरवर ऐकली जाणार आहेत. सुरतेत उधन्याला लूमवर रात्रपाळी करणारा पोरगा, रिक्षात बसलेली बाई, गोठ्यात दूध काढणारा माणूस, सगळ्यांच्या हातात फोन आहे. त्या बारक्या स्पीकरमधून खालचे, साधारण 200 हर्ट्झच्या आतले आवाज जवळजवळ येतच नाहीत. ढोलाचा घुमारा तिथे मरतो. म्हणून ठेका टाळात, टाळीत, डफाच्या काठावरच्या थापेत दिसला पाहिजे. आवाजाची सरासरी पातळी उणे 14 एलयूएफएसच्या (ती मोजायचं एकक) आसपास ठेवायला सांगा. यूट्यूब आणि स्पॉटिफाय त्याहून मोठ्या आवाजातलं गाणं तसंही खाली ओढतात. मग उगाच दाबून मोठं करण्यात गाण्याचा चढउतार मारला जातो, आणि तुमच्या गाण्यांची सारी मजा त्या चढउतारात आहे.

भाषेबद्दल तुम्ही संकोचाने लिहिलंय की अहिराणी ठेवली तर पुण्या-मुंबईला कळणार नाही. माझं मत ठाम आहे. ज्या भाषेत तुम्ही आईशी बोलता त्या भाषेतलं गाणं त्याच भाषेत राहू द्या. तुमच्या दोन गाण्यांतला फरक निव्वळ भाषेचा नाही, पण भाषेचाही आहे. अहिराणीत लिहिताना तुम्ही आईशी बोललात, प्रमाण मराठीत लिहिताना श्रोत्यांसमोर बोललात. एका गाण्यात दोन्ही मिसळू नका. गाताना 'डोया'चा 'डोळा' करून नेटकं करायचा मोह अनेकांना होतो, त्याने यमक तर जातंच, घरचा आवाजही जातो. जे बाहेरचे ऐकतील त्यांच्यासाठी खाली अर्थ लिहून द्या. आणि खान्देशातही सगळीकडे एक बोली नाही हे लक्षात ठेवा. रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात भिली आणि पावरी या बोली. तुमच्या सोबतच्या बायका ज्या गावच्या असतील त्यांचा हेल त्यांना ठेवू द्या.

राहिला डीजेचा मुद्दा. लग्नाच्या वरातीत डीजेच वाजणार, त्याच्याशी तुमची स्पर्धाच नाही. वरातीतून घरी आल्यावर, सगळे झोपल्यावर माणूस काय ऐकतो, ती जागा तुमची.

आता 'हीलिंग' या शब्दाबद्दल. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण आजारी माणसांचा प्रश्न आहे. संगीताने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2017 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात असं आढळलं की नैराश्यावरच्या नेहमीच्या उपचारांना प्रशिक्षित माणसाच्या संगीतोपचाराची जोड दिली तर अल्प मुदतीत लक्षणं कमी होतात. पण त्यातले दोन शब्द निसटू देऊ नका: 'नेहमीच्या उपचारांना' आणि 'प्रशिक्षित'. अल्बम ऐकणं म्हणजे संगीतोपचार नव्हे. गाण्याच्या वर्णनात बीपी उतरतो, साखर कमी होते, नैराश्य जातं असलं काही लिहू नका. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात मधुमेह, रक्तदाब अशा आजारांवरच्या दाव्यांच्या जाहिरातींना मनाई आहे, आणि मंत्र-तोडग्यांचे चमत्कारी उपाय त्यातून सुटत नाहीत. कायदा बाजूला ठेवला तरी, तुमचं वर्णन वाचून एखाद्या बाईने गोळ्या बंद केल्या तर? 'मनाला उभारी देणारी गाणी' एवढं पुरे आहे, आणि खरंही आहे.

याला जोडून एक काम करा. अशी गाणी बाहेर पडली की लोक निरोप पाठवतात. कुणी आभार मानतं, पण कुणी रात्री दोनला लिहितं की आता जगावंसं वाटत नाही. तुम्ही स्वतःच आईच्या आजारपणातून जात आहात, तो भार एकटीने उचलू नका. प्रत्येक गाण्याच्या वर्णनात टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा क्रमांक द्या. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. असा निरोप आला तर साध्या शब्दांत लिहा की वाचलं, ऐकलं, आणि या क्रमांकावर आत्ता बोला, घरातल्या कुणाला तरी जवळ बसवा.

बहिणाबाईंची कविता घ्यायला हरकत नाही. त्या 1951 साली गेल्या, त्यांच्या कविता 1952 साली पुस्तकरूपाने आल्या. आपल्या कायद्यात मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे तो 2012 अखेर संपला. पण रेडिओवर, सिनेमात ऐकलेली चाल वेगळ्या माणसाची निर्मिती आहे, तिचा हक्क वेगळा. तेव्हा चाल स्वतःची लावा. आणि शब्द बदलू नका, बोलीतले उच्चार जसे छापलेत तसेच ठेवा. एक शंका मात्र बोलून दाखवते. तुमच्या आठ गाण्यांमध्ये त्यांची कविता आली की ऐकणारे तिच्याकडेच वळतील, तुमची गाणी सोबतीला आल्यासारखी वाटतील. पहिल्या अल्बमला ती नसली तर बरं, असं मला वाटतं.

पावरीचं तसं नाही. ते भोपळ्याचं आणि बांबूचं वाद्य साक्री-नवापूरकडच्या आदिवासी पाड्यांवर डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजतं. तिथे ते पूजेचा भाग आहे. वाजवणाऱ्याला आधी विचारा की तुमच्या गाण्यात ते वाजवणं त्याला चालेल का, कोणते सूर चालतील. हो म्हणाला तर त्याला तिथेच गाठून ध्वनिमुद्रण करा, शहरी वादकाइतकंच मानधन द्या आणि नाव छापा. पावरीचा आवाज भरदार आणि अखंड असतो, तो तुमच्या नाजूक गाण्याखाली मावायचा नाही. नाचऱ्या गाण्याला मात्र जीव आणेल. हाच नियम मागे म्हणणाऱ्या बायकांना. त्यांना साडीचोळी देऊन पाठवण करू नका, पैसे द्या आणि प्रत्येकीचं नाव लिहा. एखादी ओळ आजीकडून आलेली असेल तर तिथे 'पारंपरिक' असंच लिहा, ती स्वतःच्या नावावर घेऊ नका.

स्वतःचे हक्कही सांभाळा. एखादी कंपनी एकरकमी पैसे देऊन सगळं लिहून मागेल. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा लिहून देता येत नाही, तसा करार कुणी पुढे केला तर सही करू नका. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीकडे, म्हणजे रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थेकडे, गीतकार आणि संगीतकार दोन्ही नात्यांनी नाव नोंदवा, आणि डिजिटल वितरकाकडून प्रत्येक गाण्याला आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा, क्रमांक घ्या.

शेवटी क्रमाबद्दल. आठही गाणी एकदम बाहेर काढायची घाई नको. ध्वनिमुद्रणाच्या आधी ती तुमच्या गावातल्या बचत गटाच्या बैठकीत किंवा भजनी मंडळात म्हणून बघा. माईक नको, पेटी नको, आणि 'कसं वाटलं' हेही विचारू नका, कारण सगळ्या छानच म्हणतील. फक्त बघा की दुसऱ्या कडव्याला ध्रुवपद कुणी आपणहून उचललं का, आणि चार दिवसांनी नळावर ते कुणाच्या तोंडी येतं का. जी गाणी उचलली जातील ती आधी ध्वनिमुद्रित करा. बाकीच्यांचे शब्द पुन्हा लिहायला घ्या, त्या प्रमाण मराठीतल्या गाण्यापासून सुरुवात करा. डब्याचं गाणं पहिलं येऊ द्या. त्याचं दुसरं कडवं खालच्या सुरांत बसवून, दोन बायकांना मागे घेऊन पुन्हा फोनवर रेकॉर्ड केलंत तर मला पाठवा, मी ऐकून कळवते.